जन्म नागपूरचा, दाखला बिरसाचा

बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या हद्दीला टेकून बिरसा तहसील आहे. मलाजखंडची तांब्याची खाण याच तहसिलीत आहे आणि कान्हाचे जंगलही इथून दूर नाही. गोंड आणि बैगा हे इथले जुने रहिवासी. जिल्ह्याच्या शेतीपट्ट्यात पोवार, मरार, महार यांची वस्ती. घरात गोंडी, पोवारी, मराठी किंवा छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, असा इथला व्यवहार. जिल्ह्याचे ठिकाण बालाघाट असले तरी मोठा दवाखाना, मोठे कॉलेज किंवा बारमाही मजुरी म्हटली की पावले गोंदिया-नागपूरकडे, नाहीतर रायपूर-भिलाईकडे वळतात. काही कुटुंबे धान कापून झाल्यावर जातात आणि पेरणीला परततात. काही तिकडचीच होऊन जातात.

प्रश्न सुरू होतो तो या तिकडच्या झालेल्या घरांत मूल जन्माला आल्यावर.

नागपुरात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला नागपूर महापालिकेचा असतो. आधार कार्ड नागपूरच्या पत्त्याचे, शाळा नागपूरची, दहावी-बारावी महाराष्ट्र बोर्डाची. बिरसा त्याला दिवाळीपुरते किंवा लग्नकार्यापुरते माहीत. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना ‘अनुसूचित जमाती’ या रकान्यापाशी त्याचा हात थांबतो. वडील गोंड, आजोबा गोंड, महाराष्ट्राच्या यादीत गोंड आहेत आणि मध्य प्रदेशच्या यादीतही आहेत. तरीही महाराष्ट्राच्या राखीव जागेवर त्याला हक्क सांगता येत नाही. कायद्याच्या नजरेत तो मध्य प्रदेशचा गोंड असतो.

आईवडील एका ठिकाणी कायमचे स्थायिक, मूल जन्मले दुसरीकडे, मग मुलाचा दर्जा कोणता, हा पेच जगभर आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो बाळंतपणातच भेटतो. ग्रीन कार्ड असलेली मुलगी बाळंतपणासाठी नागपूर-पुण्याच्या माहेरी आली, तर बाळ जन्मतः अमेरिकेचे नागरिक नसते आणि ग्रीन कार्डधारकही नसते. मात्र अमेरिकेच्या नियमांत त्याच्यासाठी एक वाट स्पष्ट लिहून ठेवलेली आहे. आई तात्पुरत्या मुक्कामासाठी बाहेर गेलेली असावी, बाळ दोन वर्षांचे होण्याच्या आत यावे आणि जन्मानंतर आई किंवा वडील पहिल्यांदा अमेरिकेत परततील तेव्हा ते त्यांच्यासोबत असावे. एवढे जुळले तर बाळाला व्हिसा लागत नाही, विमानतळावरच त्याला कायम रहिवासी म्हणून प्रवेश मिळतो. ही संधी हुकली की रीतसर अर्ज आणि रांग. कॅनडात अशी वाट नाही, तिथे कायम रहिवासी आईवडिलांना मुलाचे प्रायोजकत्व घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून कायम रहिवाशाचे तिथेच जन्मलेले मूल नागरिक ठरते, पण तेच मूल भारतात जन्मले तर त्याच्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागतो. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून साधारण हीच रीत आहे. भारताचा कायदाही परदेशी जन्मलेल्या मुलाला आपोआप सामावून घेत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या भारतीय दांपत्याच्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे लिहून द्यावे लागते.

हे नियम कडक असले तरी ते आजच्या पिढीपुरते बोलतात. मूल कधी जन्मले, आई कुठे होती, परत कधी आली, एवढेच विचारतात. बिरसाहून नागपूरला गेलेल्या कुटुंबाला भारतात कुठेही जायला-राहायला व्हिसा लागत नाही, राज्यघटनेनेच तो हक्क दिला आहे. पण त्यांच्या मुलाच्या सामाजिक दर्जाचा प्रश्न आला की आजच्या पत्त्यावर भागत नाही. १९५० साली घरचे वाडवडील कोणत्या गावात राहत होते, ते विचारले जाते.

याचे मूळ राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या अनुच्छेदांत आहे. राष्ट्रपतींनी कोणत्या जाती-जमाती अनुसूचित मानायच्या ते प्रत्येक राज्यापुरते जाहीर करायचे, अशी ती तरतूद. त्याप्रमाणे अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला आणि अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० रोजी. या दोन तारखा आजही दाखल्याच्या प्रत्येक अर्जात ठाण मांडून आहेत. कुटुंब त्या दिवशी ज्या राज्याचे कायम रहिवासी होते, ते त्याचे मूळ राज्य. मूल नंतर कुठेही जन्मले तरी त्याचा दर्जा वडिलांच्या मूळ राज्याला बांधलेला राहतो.

यादी राज्यागणिक का बदलते, याला कारण आहे. बंजारा समाज तेलंगण आणि आंध्रात अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. धोबी समाज मध्य प्रदेशात भोपाळ, रायसेन आणि सिहोर या जिल्ह्यांपुरता अनुसूचित जातीत येतो. एकाच समाजाला वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळे सोसावे लागले, म्हणून यादी स्थानिक ठेवली गेली. हा विचार रास्त आहे. शिवाय बाहेरून आलेल्यांना सरसकट राखीव जागा खुल्या केल्या तर गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या मुलाचे नुकसान होईल, ही भीतीही खोटी नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ठळकपणे आला तो मुंबईतूनच. आंध्र प्रदेशातल्या तेनालीत जन्मलेला एक मुलगा वडिलांच्या खत कारखान्यातल्या नोकरीमुळे वयाच्या नवव्या वर्षी मुंबईत आला. इथेच शिकला आणि बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशासाठी अनुसूचित जमातीच्या जागेवर त्याने अर्ज केला. त्याची जमात आंध्रच्या यादीत होती, महाराष्ट्राच्या नव्हती. प्रवेश नाकारला गेला. मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता, या नावाने गाजलेल्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ मे १९९० रोजी निकाल दिला. एका राज्याचा अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, हे त्यात ठरले. मात्र अशा स्थलांतरितांसाठी संसदेने योग्य कायद्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने सुचवले. निकालाचा हा भाग फारसा कुणी आठवत नाही.

पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कृती समितीच्या याचिकेवर हेच तत्त्व पक्के झाले. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या याद्यांत सारखे असले तरी फरक पडत नाही, असे न्यायालय म्हणाले. बिरसाच्या गोंडाला किंवा महाराला नागपुरात अडवणारा निकाल खरा हा. ३० ऑगस्ट २०१८ रोजी बीर सिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या खटल्यात आणखी एका घटनापीठाने राज्यांच्या बाबतीत तीच रेष ओढली. केंद्राच्या सेवांना ही बंधने नाहीत. त्यामुळे रेल्वे, बँका, केंद्रीय भरती, आयआयटी किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागा यांत बिरसाचा दाखला चालतो. नाकारला जातो तो राज्याच्या जागांवर, आणि बहुतेक मुलांची धाव तेवढीच असते.

आता बिरसाच्या भूगोलाकडे यावे लागते, कारण इथे कायद्याची सरळ रेष वाकते.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. म्हणजे त्याचा एक भाग मुळात भंडाऱ्याचाच होता. आणि ज्या तारखेवर सगळा हिशेब चालतो त्या १९५० साली बालाघाट, भंडारा, नागपूर, चांदा (आजचे चंद्रपूर) हे सगळे एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव होते मध्य प्रदेश आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. गोंदिया जिल्हा तर भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी निघाला आणि छत्तीसगड राज्य मध्य प्रदेशातून १ नोव्हेंबर २००० रोजी.

समजा, एखादे कुटुंब १९५३ मध्ये बिरसाहून नागपूरला आले. त्याने राज्याची कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. तहसिलीच्या गावातून राज्याच्या राजधानीत येण्याइतकाच तो प्रवास होता. तीन वर्षांनी सीमा त्याच्या मागून आली आणि घर व गाव यांच्या मधोमध बसली. त्या घरातल्या पणतवंडाला आज ‘तुम्ही स्थलांतरित आहात’ असे सांगणे हा इतिहासावर अन्याय आहे.

याला आणखी एक पदर आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. १९५०च्या आदेशात तेव्हाच्या मध्य प्रदेशासाठी गोंडांसह अनेक जमातींना ठरावीक भागांपुरतीच मान्यता होती. त्या भागांत बालाघाट जिल्ह्याची बैहर तहसील होती, आणि आजचा बिरसा तेव्हा त्याच तहसिलीत मोडत होता. मेळघाट होते, चांद्याच्या गडचिरोली आणि सिरोंचा तहसिली होत्या, यवतमाळचे केळापूर आणि वणी होते. नागपूर नव्हते. म्हणजे एकाच राज्यात, एकाच कुळातला माणूस बैहरमध्ये अनुसूचित आणि नागपुरात बिगर-अनुसूचित ठरत होता. ही क्षेत्रबंधने संसदेने १९७६च्या कायद्याने काढून टाकली. पण त्याआधीच्या पाव शतकात शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबांनी शाळेत जमात नोंदवण्याचा आग्रह का धरला नाही, याचे एक कारण इथे सापडते. लाभच नव्हता, तर नोंद करून घ्यायला कोण धडपडणार? आज पडताळणीच्या वेळी नेमकी तीच नोंद मागितली जाते.

सर्वोच्च न्यायालयाला हा गुंता दिसलेला आहे. २००३ मध्ये सुधाकर विठ्ठल कुंभारे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात अर्जदाराचे मूळ गाव छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा, जमात हलबा आणि वास्तव्य चंद्रपूरचे. पांढुर्णा आणि चंद्रपूर, दोन्ही ठिकाणे पुनर्रचनेपूर्वी एकाच राज्यात होती. राज्य दुभंगल्यामुळे दोन बाजूंना पडलेल्या आणि दोन्हीकडे अनुसूचित असलेल्या जमातीच्या माणसाला नेहमीचा स्थलांतरिताचा नियम जसाच्या तसा लावता येईल का, याचा वेगळा विचार व्हायला हवा, असे न्यायालयाने म्हटले. पांढुर्ण्याच्या जागी बिरसा लिहिले तर चित्र फारसे बदलत नाही. १९ ऑगस्ट २०२१ रोजी बिहार-झारखंड विभाजनाच्या संदर्भात पंकज कुमार खटल्यातही असाच सूर लागला. राज्य फुटल्यावर अशा व्यक्तीला दोहोंपैकी एका राज्यात आरक्षण मागता येईल, दोन्हीकडे एकाच वेळी नाही. हा तोडगा साधा आणि माणुसकीचा आहे. १९५६च्या फाळणीत अडकलेल्या घरांना तो सरळ नियम म्हणून मिळायला हवा. प्रत्येकाने त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा मजुरी करणाऱ्या कुटुंबाकडून करता येत नाही.

न्यायालयाची गोष्ट झाली. खरी दमछाक कागद जमवताना होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २२ फेब्रुवारी १९८५ रोजी काढलेले एक परिपत्रक अशा मुलांच्या उपयोगाचे आहे. वडिलांना मूळ राज्यातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला अस्सल दाखला दाखवला, तर स्थलांतर केलेल्या राज्यातला अधिकारीही मुलाला प्रमाणपत्र देऊ शकतो. ते प्रमाणपत्र मूळ राज्याच्या नावानेच असते आणि त्याने नव्या राज्याचे लाभ मिळत नाहीत. पण केंद्राच्या लाभांसाठी ते पुरते, आणि मुलाला बिरसा-बैहरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. अट एकच, वडिलांकडे दाखला असायला हवा. शेतमजूर वडिलांनी तो कधी काढलेलाच नसतो. मग मुलाच्या आधी वडिलांचा अर्ज, त्यासाठी लोकसेवा केंद्र, पटवाऱ्याचा अहवाल, अनुविभागीय अधिकाऱ्याची सही, आणि या सगळ्याच्या तळाशी १९५० पूर्वीचा पुरावा. जुन्या बंदोबस्ताची मिसल, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नक्कल, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे नाव मिसलीत सापडते. बैगांसारखी जंगलात फिरती शेती करणारी माणसे त्या कागदांत क्वचितच आली. ज्यांच्यासाठी राखीव जागा सर्वांत निकडीची, त्यांच्याचकडे पुरावा सर्वांत कमी, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे दुखणे आहे.

महाराष्ट्राच्या बाजूला दाखल्यावर काम संपत नाही. २००१ सालच्या २३ क्रमांकाच्या अधिनियमाने जात पडताळणी सक्तीची केली. दाखला निघाला तरी पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. संशय आला की दक्षता पथक घरी येते, कुलदैवत, लग्नविधी, बोली विचारते. शहरात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला मूळ गावच्या चालीरीतींची उत्तरे देता आली नाहीत, म्हणून दावा फेटाळला जाण्याची भीती असे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या संघटनेच्या याचिकेवर स्पष्ट केले की ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी नव्हे, कागदोपत्री पुरावा असताना केवळ तिच्यावर निकाल देता येत नाही. शहरात वाढलेल्या मुलांना या निकालाने मोठा आधार मिळाला.

मुलींचे हाल आणखी वेगळे आहेत. बालाघाट आणि गोंदिया यांच्यात सोयरीक पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सासर गोंदियात, माहेर बिरसा-बैहरकडे, असे असंख्य संसार आहेत. लग्नानंतर ती बाई महाराष्ट्राची रहिवासी होते, पण तिचा दर्जा वडिलांच्या राज्याचा राहतो. पंजाबातून लग्न होऊन उत्तराखंडात गेलेल्या वाल्मीकी समाजातल्या एका महिलेच्या बाबतीत १ नोव्हेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. तिच्या मुलांना मात्र वडील गोंदियाचे असल्यामुळे अडचण येत नाही, मूल पहिल्या बाळंतपणाच्या रीतीप्रमाणे बिरसाकडच्या माहेरी जन्मले असले तरी. जन्मदाखल्यावरचे गाव इथे दर्जा ठरवत नाही. हे अनेक पालकांना ठाऊक नसते आणि ते विनाकारण धास्ती घेऊन बसतात.

उलट दिशेचाही प्रवाह आहे. मलाजखंडचा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला आणि हिंदुस्थान कॉपरच्या नोकरीसाठी दूरदूरच्या राज्यांतून माणसे आली. त्यांची मुले मलाजखंडच्या वसाहतीत जन्मली, तिथेच शिकली. त्यांच्यातल्या अनुसूचित कुटुंबांना मध्य प्रदेशच्या राज्यसेवेत राखीव जागा मिळत नाही. मुंबईच्या खत कारखान्यातल्या त्या बापलेकांची कथा बिरसा तहसिलीच्या पोटातही घडते आहे. सार्वजनिक उद्योगाने बदली केली की वडिलांनी जायचे आणि त्याची किंमत मुलाने द्यायची, हे पटण्यासारखे नाही.

सर्वांत वाईट कोंडी अशी की मूल दोन्ही बाजूंनी गमावते. नागपुरात दहावी-बारावी केल्यामुळे महाराष्ट्राच्या अधिवासाची अट ते पुरी करते, पण जमात मध्य प्रदेशची. मध्य प्रदेशच्या राखीव जागेसाठी जमात चालते, तर तिथले ‘मूल निवासी’ प्रमाणपत्र मागितले जाते आणि नागपुरात वाढलेल्या मुलाला ते मिळवणे कठीण. एकीकडे राहणे आहे, जमात नाही. दुसरीकडे जमात आहे, राहणे नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा त्या राज्याने द्यायची असते, तिथेही हीच ओढाताण होते.

यातले बरेच आजच्या आज सुटण्यासारखे आहे. अनुसूचित मुलाला मूळ राज्याच्या जागेसाठी अधिवासाची अट शिथिल करणे हा मध्य प्रदेश सरकारच्या हातातला निर्णय आहे. बालाघाट, भंडारा-गोंदिया आणि नागपूरच्या अभिलेख कक्षांतली १९५६ पूर्वीची पाने एकाच राज्याच्या कारभारात लिहिली गेली. ती दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना संगणकावर दिसतील अशी सोय करायला घटनादुरुस्ती लागत नाही, दोन सरकारांतला समझोता पुरतो. पालकांनीही बारावीची वाट पाहू नये. मूल प्राथमिक शाळेत असतानाच वडिलांचा दाखला, वंशावळ आणि कोतवाल बुकाची नक्कल हाताशी असावी, आणि शाळेच्या प्रवेश अर्जात जमातीचा रकाना कोरा सोडू नये.

१९५६ नंतर सीमा ओलांडलेल्या, नागपुरातच तीन पिढ्या काढलेल्या घरांना यातून फारसे मिळणार नाही. त्यांच्यासाठी किती वर्षांच्या वास्तव्यानंतर दर्जा नव्या राज्यात मान्य करायचा आणि तो करताना स्थानिक आदिवासींच्या जागांना धक्का कसा लावायचा नाही, हे कायद्यानेच ठरवावे लागेल. घटनापीठाने १९९० मध्ये संसदेकडे बोट दाखवले होते. तो कायदा अजून झालेला नाही.